भरपूर कमाई, पण देणारा एकच: मोझिलाची केस

ना-नफा संस्थांबरोबर फंडिंगवर बोलायला बसलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ग्रांटवर किती दिवस काढायचे, स्वतःचं काहीतरी उत्पन्न सुरू करूया." ते बरोबरच आहे. पण त्याच दमात "म्हणजे आपलं फंडिंग डायव्हर्सिफाय पण होईल" असं जे जोडलं जातं ना, तिथे मी थांबवते. कारण स्वतः कमावणं आणि पैसे देणारे एकाहून जास्त करणं ही दोन वेगळी कामं आहेत, एक केलं की दुसरं आपोआप होतं असं अजिबात नाही, आणि खरं सांगायचं तर पहिलं जितकं झकास जमतं तितकं दुसरं मागे पडत जातं. हे नुसतं बोलून कुणाला पटत नाही, म्हणून मी मोझिलाची केस काढते. फायरफॉक्स हा ब्राउझर बनवणारी मोझिला. तिचे ऑडिट झालेले हिशोब दर वर्षी जाहीर होतात, शिवाय मधे कोर्टकचेरी झाली त्यामुळे एरवी बंद पाकिटात राहणाऱ्या बऱ्याच गोष्टी उघड्यावर आल्या. वीस-बावीस वर्षांचा सलग पैशाचा इतिहास असा समोर ठेवता येईल अशा संस्था फार नाहीत.

एक आक्षेप आधीच घेऊन टाकते. "एवढ्या मोठ्या संस्थेचं आम्हाला काय?" आकडे मोठे आहेत हे खरं, पण हिशोबातली दोन-तीन शून्यं झाकून वाचा, गोष्ट तीच राहते.

सुरुवात दोन देणगीदारांवर

नेटस्केपने १९९८ साली आपल्या ब्राउझरचा कोड खुला केला तेव्हा मोझिला हा प्रोजेक्ट सुरू झाला. पुढे नेटस्केप एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीकडे गेली, आणि २००३ च्या जुलैमध्ये एओएलने ब्राउझरच्या कामातून अंग काढून घेतलं. त्याच वेळी मोझिला फाउंडेशन ही ना-नफा संस्था उभी राहिली. निघताना एओएलने दोन वर्षांत मिळून २० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, सॉफ्टवेअर उद्योजक मिच केपोर यांनी ३ लाख दिले. म्हणजे पहिल्या दिवशीची परिस्थिती काय, तर एक मोठा देणगीदार जो खरं तर दाराबाहेर पडतोय, एक छोटा, आणि पगारावर मोजकी माणसं. बहुतेक संस्थांना हे चित्र ओळखीचं वाटेल.

फायरफॉक्स १.० आलं ९ नोव्हेंबर २००४ ला. त्याच्या आसपास एक गोष्ट घडली जी नंतर सगळे विसरले, पण माझ्या मते या केसमधली ती फार महत्त्वाची आहे. वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून न्यूयॉर्क टाइम्समध्ये दोन पानी जाहिरात दिली, डिसेंबर २००४ मध्ये, आणि त्या पानावर वर्गणी देणाऱ्या हजारो लोकांची नावं बारीक टायपात छापली. बघा, उत्पादन येऊन जेमतेम महिना झालाय आणि खिशातून पैसे काढणारी हजारो माणसं हजर आहेत. कुठल्याही फंडरेझरला ही यादी बघून आनंदाने झोप लागणार नाही. पण त्या यादीचं पुढे नियमित देणगीदारांत रूपांतर करायची गरजच पडली नाही, कारण तेवढ्यात दुसरीकडून पैसा यायला लागला होता.

पैसा नक्की यायचा कुठून

ब्राउझरच्या वर उजव्या कोपऱ्यात शोधायचा छोटा चौकोन होता. तुम्ही त्यात काही टाइप केलं की ते सरळ गूगलकडे जायचं, गूगल रिझल्टच्या सोबत जाहिराती दाखवायचं, कुणी जाहिरातीवर क्लिक केलं की जाहिरातदार गूगलला पैसे द्यायचा आणि त्यातला ठरलेला हिस्सा मोझिलाकडे यायचा. बस, एवढंच. वापरणाऱ्याला एक पैसा द्यावा लागत नाही, तो चौकोन त्याला तसाही हवाच होता, मोझिलाला विक्रीसाठी माणसं ठेवावी लागत नाहीत, माल साठवावा लागत नाही, उधारी वसूल करावी लागत नाही. मी संस्थांना स्वकमाईचे प्रस्ताव तपासताना चार गोष्टी विचारते: हे आपल्या मूळ कामाशी जुळतं का, यात आपल्या माणसांचा किती वेळ जाईल, खर्च वजा जाता हातात काय उरतं, आणि वाढलं तर खर्च त्याच पटीत वाढतो का. या चारही प्रश्नांना इतकी छान उत्तरं देणारा प्रस्ताव मी दुसरा पाहिलेला नाही.

आकडे बघा. २००४ चं उत्पन्न सुमारे ५८ लाख डॉलर. २००५ चं ५.२९ कोटी. एका वर्षात नऊपट! २००६ ला ६.६८ कोटी, २००७ ला ७.५ कोटी. आणि या पैशातला ८५ टक्क्यांच्या आसपासचा वाटा एकट्या गूगलचा.

आता इथे ट्रस्टींच्या मीटिंगमध्ये काय होतं याची कल्पना करा. एक जण म्हणतो की एकाच पार्टीवर एवढी भिस्त बरी नाही. बाकीचे म्हणतात हो हो, बघूया, पुढच्या वर्षी विषय घेऊ. कारण दुसरा कुठलाही स्रोत सुरू करायचा म्हटला की तो या पहिल्याशेजारी इतका किरकोळ दिसतो की त्यावर वेळ घालवणं वेडेपणा वाटतं. चार लाख आणणाऱ्या उपक्रमासाठी दोन माणसं लावायची आणि शेजारी बसल्याजागी कोट्यवधी येताहेत, कोण ऐकणार? त्यात कुणाचा आळस किंवा मूर्खपणा नव्हता, त्या त्या वर्षाचं गणित प्रत्येक वेळी बरोबरच होतं.

कंपनी, आणि कर खात्याचा प्रश्न

एवढा पैसा ना-नफा संस्थेच्या थेट नावावर येणं अवघड होऊन बसतं, म्हणून ३ ऑगस्ट २००५ ला फाउंडेशनने मोझिला कॉर्पोरेशन ही पूर्ण मालकीची, कर भरणारी कंपनी काढली. फायरफॉक्स, सर्चचे करार, बहुतेक कर्मचारी सगळे तिकडे गेले. शेअर सगळे फाउंडेशनकडे, म्हणजे नफा बाहेरच्या कुणाच्या खिशात जात नाही. संस्थांना ही रचना मी बऱ्याचदा सुचवते, धंद्याची जोखीम मूळ संस्थेच्या अंगावर येत नाही आणि कराचा घोळ वेगळा राहतो. पण तिचा एक तोटा नंतर दिसला तो पुढे सांगते.

अमेरिकेत संस्थेच्या उद्देशाशी संबंध नसलेल्या धंद्यातून आलेल्या उत्पन्नावर कर लागतो, रॉयल्टीला (आपलं नाव किंवा मालमत्ता वापरू दिल्याबद्दल मिळणाऱ्या पैशाला) मात्र त्यातून सूट आहे. शिवाय "पब्लिक चॅरिटी" म्हणून राहायचं तर साधारण एक तृतीयांश आधार जनतेकडून यावा अशी कसोटी असते, ती नाही जमली तर इतर मार्गाने आपण लोकाश्रित आहोत हे सिद्ध करावं लागतं. आता ज्या संस्थेचं बहुतांश उत्पन्न एका कंपनीकडून येतं ती यात कशी बसणार? कर खात्याने २००८ मध्ये फाउंडेशनचं २००४ आणि २००५ चं उत्पन्न तपासायला घेतलं, पुढे व्याप्ती वाढली, आणि प्रकरण मिटलं थेट नोव्हेंबर २०१२ मध्ये, १५ लाख डॉलर भरून. रक्कम त्या मानाने काहीच नाही. पण चार वर्षं डोक्यावर टांगती तलवार, वकिलांचा खर्च, आणि तेवढा काळ पैसे बाजूला अडकवून ठेवायचे. स्वकमाई सुरू करायच्या आधी कराच्या जाणकाराकडे जा असं मी सांगते तेव्हा लोकांना ते नन्नाचा पाढा वाटतं, वाटू दे.

पैसे देणाराच स्पर्धक झाला तर?

सप्टेंबर २००८ मध्ये गूगलने क्रोम आणलं. म्हणजे ज्याच्या पैशावर आपलं घर चालतं त्यानेच समोर आपल्याच मालाचं दुकान थाटलं. तेव्हा फायरफॉक्स जोरात होतं, २००९ च्या सुमारास जगातल्या जवळपास एक तृतीयांश वापरापर्यंत पोचलेलं. त्यानंतर वापर घसरत गेला आणि आज तो काही टक्क्यांवर आलाय.

पण गंमत अशी की उत्पन्न लगेच घसरलं नाही, उलट वाढलं! डिसेंबर २०११ मध्ये गूगलबरोबर तीन वर्षांचा नवा करार झाला आणि उत्पन्न २०११ च्या १६.३ कोटींवरून २०१२ ला ३१.१ कोटींवर गेलं. त्या वेळी मायक्रोसॉफ्ट आणि याहूही बोली लावत होते अशा बातम्या होत्या, म्हणजे भाव वाढला तो घेणारे एकाहून जास्त होते म्हणून. हे नीट लक्षात घ्या. संस्थेचा मूळ पाया (वापरणारी माणसं) आकसतोय आणि वरचा आकडा दुप्पट होतोय. ज्या ट्रस्टींना फक्त वर्षाअखेरची बेरीज दाखवली जाते त्यांना हे वर्ष अगदी सोन्यासारखं वाटणार. म्हणून मी उत्पन्नाच्या तक्त्याशेजारी एक दुसरी ओळ मागते: हे उत्पन्न ज्याच्या जिवावर येतं ती गोष्ट वाढतेय की कमी होतेय? प्रशिक्षण विकत असाल तर पुन्हा येणारे किती, हॉल भाड्याने देत असाल तर वर्षात किती दिवस लागला, सल्ला विकत असाल तर ज्याच्या नावावर कामं मिळतात तो माणूस अजून किती वर्षं राहणार. हा आकडा खाली जात असेल तर वरचा आकडा कितीही चढू दे, मी त्याला चांगलं वर्ष म्हणणार नाही.

याहू आणि करारातलं ते एक कलम

नोव्हेंबर २०१४ मध्ये मोझिलाने गूगल सोडलं आणि अमेरिकेसाठी याहूबरोबर पाच वर्षांचा करार केला. रशियात यांडेक्स, चीनमध्ये बायडू. कागदावर बघितलं तर ही खरीखुरी विविधता होती, एका जागतिक कराराऐवजी प्रदेशानुसार वेगवेगळे देणारे. याहूची रक्कम वर्षाला ३७.५ कोटी डॉलर असल्याचं नंतर छापून आलं.

पण याहूची स्वतःचीच तब्येत तेव्हा तोळामासा होती, कंपनी विकली जाणार अशी कुजबुज सतत चालू. आणि इथे मोझिलाच्या बाजूने ज्याने कुणी वाटाघाटी केल्या त्याला खरंच मानलं पाहिजे. २०१६ मध्ये बाहेर आलेल्या माहितीनुसार करारात असं कलम होतं की याहूची मालकी बदलली आणि नवा मालक मोझिलाला पसंत पडला नाही, तर मोझिला करारातून बाहेर पडू शकेल आणि तरीही २०१९ पर्यंतचे ठरलेले पैसे तिला मिळत राहतील. वाचून बघा पुन्हा एकदा. काम सोडायचं, पैसे चालू! जून २०१७ मध्ये व्हेरायझन या टेलिकॉम कंपनीने याहूचा व्यवसाय घेतला, नोव्हेंबरमध्ये मोझिलाने करार संपवून अमेरिकेत परत गूगल लावलं, डिसेंबरमध्ये दोन्ही बाजू कोर्टात. शेवटी तडजोड झाली, आणि २०१९ च्या हिशोबात ८२.८ कोटींचं विक्रमी उत्पन्न दिसतं त्यातले ३३.८ कोटी या भांडणातून आलेले, एकदाच येणारे पैसे आहेत.

छोट्या संस्थेला एवढं तगडं कलम कोण देणार, हे मान्य. पण त्याची पातळ आवृत्ती मागायला काय हरकत आहे? समोरची कंपनी विकली गेली किंवा तिथला सीएसआर (कंपनीचा सामाजिक कामांचा निधी) बघणारा माणूस बदलला आणि नव्याने हात वर केले, तर निदान सहा महिन्यांची नोटीस आणि तेवढ्या काळाचे पैसे. बहुतेक संस्था करारातली रक्कम आणि मुदत एवढंच वाचतात, "करार संपुष्टात आणणे" हे पान कुणी उघडतच नाही. मी ते पान आधी उघडते.

याहू प्रकरणातली दुसरी बाजू मात्र कडू आहे. लोकांना तो बदल आवडला नाही. पुढे कोर्टात मोझिलाच्याच अर्थ-प्रमुखांनी सांगितलं की याहू डीफॉल्ट (म्हणजे ब्राउझरमध्ये आधीपासून लावून दिलेलं सर्च) असताना वापरणाऱ्यांना रिझल्टचा दर्जा उतरल्यासारखं वाटलं आणि काही जण ब्राउझरच सोडून गेले. म्हणजे देणारा बदलला तर लाभार्थी नाराज, नाही बदलला तर स्पर्धकाच्या दारात उभं राहायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

दुसरे स्रोत सुरू केलेच नाहीत का? केले की!

फायरफॉक्स ओएस नावाची मोबाइलसाठीची सिस्टीम काढली, २०१३ मध्ये फोन बाजारात आले, डिसेंबर २०१५ मध्ये फोनचं काम थांबवत असल्याचं जाहीर. नव्या टॅबच्या पानावर प्रायोजित चौकोन विकायचे ठरवलं, २०१४ ला सुरू, २०१५ च्या शेवटी बंद. २०१७ मध्ये पॉकेट विकत घेतलं, लेख साठवून नंतर वाचायची सेवा, ती जुलै २०२५ मध्ये गुंडाळली. २०२३ मध्ये फेकस्पॉट घेतलं, खोटे रिव्ह्यू ओळखणारी सेवा, तेही २०२५ मध्ये बंद. २०२० च्या जुलैमध्ये पैसे भरून वापरायचं व्हीपीएन आणलं, ते चालू आहे, त्यामागचे सर्व्हर मुलवाड या दुसऱ्या कंपनीचे आहेत.

यादी वाचून "धरसोड वृत्ती" असा शेरा मारणं सोपं आहे आणि बरेच जण तो मारतातही. मला यात थोडी वेगळी गोष्ट दिसते. प्रत्येक नव्या उपक्रमाची तुलना सर्चच्या पैशाशी झाली, आणि त्या तुलनेत जगात कुठलाच नवा उपक्रम दोन-तीन वर्षांत टिकणार नाही. शिवाय सर्चचा पैसा येत असल्यामुळे नवं काही बंद पडलं तरी पगार थांबत नव्हते. ज्या उपक्रमावर कुणाचा पगार अवलंबून नाही तो बंद करणं फार सोपं असतं, आणि तो चालवण्यासाठी जिवाचं रान करणारंही कुणी नसतं.

जानेवारी २०२० मध्ये सुमारे ७० जणांना काढलं, तेव्हा मोझिलाच्या प्रमुख मिचेल बेकर यांनी कर्मचाऱ्यांना सांगितलेलं कारण असं होतं की नव्या, पैसे आणणाऱ्या सेवा उभ्या करायला किती वेळ लागेल याचा अंदाज चुकला. ऑगस्टमध्ये आणखी सुमारे २५० जण. आणि लगेच काही दिवसांत बातमी, गूगलबरोबरचा करार वाढवला. ज्या वर्षी विविधतेवर सगळ्यात जास्त जोर होता त्याच वर्षी विविधता आणणाऱ्या माणसांना घरी जावं लागलं. नवं उत्पन्न उभं करायला कमीत कमी तीन-पाच वर्षं लागतात, तो खर्च चांगल्या वर्षांत वेगळा काढून कुलूपबंद ठेवला नाही तर वाईट वर्षात कात्री पहिली तिथेच लागते.

तरी हे काम अगदीच वाया गेलं असं नाही. २०२२ साली सबस्क्रिप्शन आणि जाहिराती मिळून साडेसात कोटी डॉलरच्या आसपास आले, पुढच्या वर्षी त्याहून कमी, साडेसहाच्या आसपास. एकूण उत्पन्न त्या वर्षी ६५.३ कोटी. साडेसात कोटी म्हणजे २००७ सालचं मोझिलाचं संपूर्ण उत्पन्न! पण खर्चाचा पसारा आता इतका वाढलाय की तो आकडा तोंडी लावण्यापुरता उरतो.

आणि एक गोष्ट त्यांनी खरोखर चांगली केली, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. बरकतीच्या वर्षांत पैसा साठवला. आज गंगाजळी एक अब्ज डॉलरच्या वर आहे आणि तिच्यावरचं व्याज-लाभांश हा स्वतःच एक उत्पन्नाचा स्रोत झालाय. देणारे वाढवता येत नसतील तर निदान देणारा गेल्यावर काही वर्षं तग धरता येईल एवढं बाजूला ठेवा, हा दुसऱ्या नंबरचा का होईना पण उपाय आहे. ग्रांटवर चालणाऱ्या संस्थांना हे बहुतेक वेळा जमत नाही कारण ग्रांटचा पैसा ठरलेल्या कामावरच खर्च करावा लागतो. स्वकमाईचा पैसा मोकळा असतो, त्याचा हा फायदा मात्र घेतलाच पाहिजे.

घराबाहेर काढलेलं थंडरबर्ड

आता या केसमधला माझा आवडता भाग. मोझिलाचा एक ईमेल प्रोग्राम आहे, थंडरबर्ड. त्यात सर्चचा पैसा नाही म्हणून २०१२ मध्ये त्यावरचं मोझिलाचं काम कमी केलं, आणि डिसेंबर २०१५ मध्ये बेकर यांनी स्पष्टच सांगितलं की फायरफॉक्सवर याचा भार पडतो, दोघांनी वेगळं व्हावं. मग थंडरबर्डवाल्यांनी काय केलं? वापरणाऱ्यांकडे पैसे मागितले. २०२० मध्ये त्याला फाउंडेशनच्या छत्राखाली वेगळी कंपनी मिळाली. २०२१ च्या देणग्या सुमारे २८ लाख डॉलर. २०२२ च्या अखेरीस प्रोग्रामच्या आतच, वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, देणगीचं साधं आवाहन दाखवलं आणि त्या वर्षाचा आकडा गेला ६४ लाखांवर. २०२३ ला ८६ लाख.

मोझिलाच्या ६५ कोटींपुढे ८६ लाख म्हणजे काहीच नाही. पण हा पैसा लाखो छोट्या देणग्यांतून आलाय. त्यातला कुठलाही एक माणूस उद्या रुसला, विकला गेला, कोर्टात हरला, तरी थंडरबर्डच्या पगारपत्रकावर ओरखडा उठणार नाही. ज्याला ओझं म्हणून बाजूला केलं त्याचा पाया आज सगळ्यात पसरलेला आहे!

मग फायरफॉक्ससाठी असंच का नाही केलं? इथे तो मघाशी म्हटलेला रचनेचा तोटा येतो. फायरफॉक्स कंपनीकडे, देणग्या फाउंडेशनकडे. तुम्ही फाउंडेशनला दिलेली देणगी फाउंडेशनच्या कार्यक्रमांवर खर्च होते, ब्राउझर बनवण्यावर नाही. म्हणजे ज्या वस्तूवर लोकांचं प्रेम आहे त्या वस्तूला पैसे द्यायचा रस्ताच नाही. २००४ मध्ये पेपरात नाव छापून घेणाऱ्यांना आज द्यायचं असेल तर ते कुठे देणार? कंपनी काढणाऱ्या संस्थांना म्हणूनच मी सांगते, लोक तुमच्यात नेमकं ज्याच्यासाठी पैसे देतील ती गोष्ट कुठल्या डब्यात ठेवताय ते आधी बघा.

कोर्टात सगळं उघडं पडलं

अमेरिकी सरकारने २०२० मध्ये गूगलवर मक्तेदारीचा खटला भरला. ५ ऑगस्ट २०२४ ला न्यायमूर्ती अमित मेहता यांनी निकाल दिला की सर्चमध्ये गूगलने बेकायदा मक्तेदारी टिकवली, आणि त्यासाठी वापरलेलं साधन कोणतं? हेच डीफॉल्टचे करार. खटल्यात बाहेर आलेला आकडा असा की २०२१ मध्ये गूगलने अशा जागांसाठी एकूण २,६३० कोटी डॉलर मोजले. मोझिलाचं त्या वर्षाचं अख्खं उत्पन्न ६० कोटींच्या आसपास, ते सगळं गूगलकडूनच आलं असं धरलं तरी या रकमेच्या सव्वादोन टक्के. देणाऱ्यासाठी सव्वादोन टक्क्यांहून कमी, घेणाऱ्यासाठी जवळजवळ सगळं. वाटाघाटीच्या टेबलावर कोण आरामात बसलेलं असेल ते सांगायला नको.

मे २०२५ मध्ये मोझिलाचे अर्थ-प्रमुख एरिक म्यूलहाइम यांनी साक्ष दिली. कंपनीचं सुमारे ९० टक्के उत्पन्न फायरफॉक्समधून, त्यातलं सुमारे ८५ टक्के गूगलकडून, आणि हे पैसे थांबले तर मोठी कपात करावी लागेल आणि फायरफॉक्स बंद पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. खुल्या इंटरनेटसाठी झगडणारी संस्था मक्तेदाराचे पैसे चालू राहावेत म्हणून कोर्टात उभी! यात मी मोझिलाला नावं ठेवणार नाही, पगार द्यायचे असतात. पण देणाऱ्यावर एवढं अवलंबून राहिलं की आपली भूमिका काय असावी हेही त्याच्या ताळेबंदावरून ठरायला लागतं, हे यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणार? २ सप्टेंबर २०२५ ला मेहतांनी उपाय ठरवले, एकाधिकाराचे करार बंद, पण पैसे देणं चालू राहू शकतं, कारण ते बंद केलं तर ब्राउझरवाल्यांसारख्या भागीदारांचंच जास्त नुकसान होईल. मोझिला वाचली म्हणायची, पण स्वतःच्या हातात काही नव्हतं.

संस्थांबरोबर मी हे कसं वापरते

उत्पन्नाचा तक्ता दोनदा करायला लावते. पहिला नेहमीसारखा, प्रकारानुसार: ग्रांट, देणग्या, फी, विक्री, भाडं, व्याज. दुसरा फक्त देणाऱ्याच्या नावाने. पहिल्या तक्त्यात सहा रंग दिसतात आणि सगळे खूश होतात, दुसऱ्यात मग कळतं की ग्रांट देणारी कंपनी, प्रशिक्षण विकत घेणारी कंपनी आणि हॉल भाड्याने घेणारी कंपनी एकाच ग्रुपच्या आहेत. त्यापुढे प्रत्येक नावासमोर एकच प्रश्न, "हा किती दिवसांच्या नोटिशीवर जाऊ शकतो?" बहुतेकांना उत्तर माहीत नसतं, फाइल काढून शोधावं लागतं, त्या शोधण्यातच अर्धं काम होतं.

मग वरची मर्यादा. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने २०२१ मध्ये मोठ्या कंपन्यांना पैसे घेऊन डेटा पुरवणारी सेवा सुरू केली तेव्हाच ठरवून टाकलं की अशा व्यापारी उत्पन्नाचा वाटा एकूण उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपुढे जाऊ द्यायचा नाही. पैसा यायच्या आधी ठरवलं हे महत्त्वाचं, आल्यानंतर असा ठराव कुठलंच मंडळ करत नाही. मी ३० चा आग्रह धरत नाही, छोट्या संस्थेला सुरुवातीला ५० सुद्धा चालेल, पण आकडा ठरावात लिहिलेला हवा आणि ओलांडला तर जास्तीचा पैसा रोजच्या खर्चात न जाता राखीव निधीत जाईल हेही त्याच ठरावात हवं. हा दुसरा भाग वाचल्यावर कुरकुर सुरू होते, कारण त्या पैशावर नवीन पदं भरायचं कुणीतरी मनात धरलेलं असतं.

थंडरबर्डने २०२५ मध्ये पैसे भरून वापरायच्या सेवा जाहीर केल्या आहेत, स्वतःची ईमेल सेवा, भेटीच्या वेळा ठरवायची सोय, मोठ्या फाइल पाठवायची सोय. मूळ प्रोग्राम फुकटच राहणार. यातून किती येईल ते दोन-चार वर्षांत कळेल. क्रम मात्र फायरफॉक्सच्या बरोबर उलटा आहे, इथे आधी देणारी लाखो माणसं तयार झाली आणि विक्री नंतर येतेय, त्यामुळे ही विक्री फसली तरी पगार देणग्यांतून निघतील. नव्याने उत्पन्न सुरू करू बघणाऱ्या संस्थांना मी सध्या मोझिलाच्या हिशोबांसोबत थंडरबर्डचे वार्षिक अहवालही वाचायला देते, छोटे असतात, तासाभरात होतात.